कर्फ्यू लागल्यावर आणि उठल्यावर: बडोद्यातल्या गल्ली-सोसायट्यांसाठी मदतीचा आराखडा

बडोद्याच्या जुन्या शहरात वाढलेल्या माणसाला कर्फ्यू म्हणजे काय हे सांगावं लागत नाही. १९६९, १९८२, २००२, २००६, २०१४. दर पिढीच्या वाट्याला एखादा तरी आलाच. राज्यशास्त्राचे अभ्यासक आशुतोष वार्ष्णेय यांनी १९५० ते १९९५ या काळातल्या हिंदू-मुस्लिम दंगलींचा अभ्यास केला, तेव्हा देशातल्या सर्वाधिक दंगलप्रवण आठ शहरांत अहमदाबाद, मुंबई, मेरठ यांच्याबरोबर बडोद्याचंही नाव निघालं. तरी वेळ आली की दूध कुणी आणायचं इथपासून सगळं नव्यानं सुरू होतं.

हा लेख दांडिया बाजार, रावपुरा, बाबाजीपुऱ्याच्या वाड्यांत आणि कारेलीबाग, मांजलपूर, वाघोडिया रोडच्या सोसायट्यांत राहणाऱ्यांसाठी आहे. दंगल का झाली, कुणी पेटवली, याची चर्चा इथे नाही. ती करणाऱ्यांची ओट्यावर कधीच वाण नसते.

एक गोष्ट मात्र आधी सांगून टाकतो. पहिले तीन दिवस मदतीला माणसं कमी पडत नाहीत. खिचडीचं पातेलं चढतं, ग्रुपवर फोटो येतात. पंधराव्या दिवशी मात्र ज्याची लारी, म्हणजे हातगाडी, जळाली त्याच्याबरोबर पोलीस स्टेशनला कोण जाणार, असं विचारलं की ग्रुप गप्प होतो. माणूस उभा राहतो की कर्जात बुडतो, हे ठरतं त्याच पंधराव्या दिवसापासून पुढच्या तीन महिन्यांत. म्हणून इथे खिचडीपेक्षा कागदांना जागा जास्त दिली आहे.

आधी यादी

चाळीस-पन्नास घरांचा एक गट धरा. एखादी पोळ (एकाच तोंडाची जुनी गल्ली), एखादा मोठा वाडा आणि त्याच्या समोरची घरं, किंवा सोसायटीच्या दोन गल्ल्या. याहून मोठा गट केलात तर कुणालाच कुणाची खबर राहत नाही. गटाला चार-पाच माणसं पुरतात: कागदपत्रांची भीती नसलेला एखादा निवृत्त माणूस, कुणाच्याही स्वयंपाकघरात सहज जाऊ शकणारी एक बाई, मेडिकल किंवा किराणा चालवणारा कुणीतरी, आणि दुचाकीवाला एक शहाणा मुलगा. 'शहाणा' हा शब्द इथे मुद्दाम वापरला आहे. उत्साही मुलं पुष्कळ मिळतात.

सुरुवात गणेश मंडळाच्या वर्गणीच्या वहीपासून करा. गल्लीची याहून चांगली शिरगणती महापालिकेकडेही नसेल. पण त्या वहीत कोण नसतं, ते नीट बघा. भाडेकरू, युनिव्हर्सिटीत शिकायला आलेली खोल्यांमधली मुलं, वॉचमनचं कुटुंब, वर्गणी न देणारी घरं, आणि गल्लीच्या तोंडाशी राहणारी दुसऱ्या धर्माची दोन-चार बिऱ्हाडं. ही सगळी नावं पहिल्याच दिवशी त्याच यादीत घाला, वेगळ्या पानावर नको. यादी घरांची असू दे, जातीची नको. उद्या ती वही कुणाच्या हाती पडली तरी तिच्यातून कुणाचं नाव-पत्ता काढून घर शोधायला मदत होता कामा नये. म्हणून वही एकाच विश्वासू माणसाकडे ठेवा, तिचा फोटो काढून ग्रुपवर टाकू नका.

घरोघरी जाऊन "काही हवंय का?" विचारू नका. बडोद्यातला मराठी माणूस त्यावर "नाही हो, सगळं आहे" म्हणून चहा टाकतो. विचारायचं ते असं: गोळ्यांची पाकिटं दाखवा. गॅस किती दिवसांचा आहे? घरातलं कुणी बाहेरगावी अडकलंय का? डायलिसिसची पुढची तारीख कुठली? बाळंतपण जवळ आलेलं कुणी? लहान बाळाचं वरचं दूध कुठलं? पाकीट हातात घेतल्याशिवाय खरी स्थिती कळत नाही. एकट्या राहणाऱ्या आजींच्या डब्यात रक्तदाबाच्या पाच गोळ्या निघतात आणि त्यातल्या दोन सुरीने अर्ध्या करून कागदाच्या पुडीत ठेवलेल्या असतात. आजी पुरवून पुरवून खात असतात आणि तोंडाने "सगळं आहे" म्हणत असतात.

इन्सुलिन घेणाऱ्यांची नोंद वेगळी ठेवा. न उघडलेली बाटली २ ते ८ अंशांत ठेवावी लागते. वापरात असलेली साधारण चार आठवडे घरातल्या थंड जागी टिकते. वीज गेली तर ओलं फडकं गुंडाळलेल्या मातीच्या मडक्यात, पाणी लागणार नाही अशा डबीत ठेवा. बर्फावर ठेवू नका. एकदा गोठलेलं इन्सुलिन फेकूनच द्यावं लागतं.

काय बंद आहे, ते वाचून घ्या

जमावबंदी आणि संचारबंदी यांत लोक सर्रास गल्लत करतात. जमावबंदीत ठरावीक संख्येपेक्षा जास्त माणसं एकत्र येऊ शकत नाहीत. संचारबंदीत, म्हणजे आपल्या भाषेत कर्फ्यूत, घराबाहेर पडायचीच मनाई असते. पूर्वी ज्याला सगळे '१४४' म्हणायचे, ते १ जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम १६३ झालं आहे. बडोद्यात पोलीस आयुक्तालय असल्यामुळे आदेश आयुक्तांच्या सहीने निघतो. कुठल्या पोलीस ठाण्यांची हद्द, किती वाजेपासून किती वाजेपर्यंत, कुणाला सूट, हे त्यात लिहिलेलं असतं. तो कागद मिळवून एकाने मोठ्याने वाचून दाखवावा. "म्हणे वाडीत कर्फ्यू आहे, नवापुऱ्यात नाही" अशा 'म्हणे'वर कुणी बाहेर पडू नये.

सूट मिळाली की सगळी गल्ली एकदम बाहेर धावते, आणि धक्काबुक्की होते ती तिथेच. त्याऐवजी दहा घरांमागे एक माणूस पाठवा आणि त्याच्या हातात लिहिलेली यादी द्या. औषधांची चिठ्ठी त्या यादीत सगळ्यांत वर.

फोन नंबर कागदावर उतरवून दाराच्या आतल्या बाजूला लावा. पोलीस आणि एकूण आणीबाणीसाठी ११२, रुग्णवाहिका १०८, आग १०१, महिलांसाठी अभयम १८१, मुलांसाठी १०९८, मानसिक आधारासाठी टेली-मानस १४४१६, मोफत कायदेशीर मदतीसाठी १५१००. कागदावर यासाठी, की २०१४ च्या सप्टेंबरमध्ये बडोद्यात मोबाइल इंटरनेट आणि घाऊक एसएमएस बंद केले गेले, तेव्हा ज्यांचं सगळं जग व्हॉट्सॲपमध्ये होतं त्यांची पंचाईत झाली. साधा फोन चालू असतो, पण नंबर तोंडपाठ कुणाला असतो? इंटरनेट गेलं की यूपीआयही जातं. गल्लीत दोन-तीन घरांनी दहा, वीस, पन्नासच्या नोटा बाजूला ठेवाव्यात. किराणावाल्याकडे आठवडाभराचं खातं उघडून ठेवलं तर आणखी बरं.

अफवा थांबवायचं काम एकाकडे

२०१४ चं सगळं प्रकरण समाजमाध्यमावर टाकलेल्या एका फेरफार केलेल्या चित्रावरून पेटलं होतं. आता तर असं चित्र बनवायला दोन मिनिटंही लागत नाहीत.

गल्लीच्या ग्रुपवर एक नियम लावा: घटनेची कुठलीही बातमी आधी ठरलेल्या एकाच माणसाकडे जाईल. तो तीन प्रश्न विचारेल. तुम्ही स्वतः पाहिलंत का? नेमकं कुठे? किती वाजता? उत्तर "माझ्या साडूच्या मित्रानं पाहिलं" असं आलं की विषय तिथेच संपला. व्हॉट्सॲपवर दोन बाणांचं चिन्ह असलेला, अनेकदा पुढे गेलेला मेसेज कुठल्याही कारणाने पुढे पाठवायचा नाही. "खरं आहे का बघा" म्हणून पाठवणंही त्यातच आलं. व्हिडिओ असेल तर त्यातल्या गाड्यांच्या पाट्या बघा. बडोद्याचा म्हणून फिरणाऱ्या व्हिडिओत एकाही गाडीवर जीजे-०६ नसेल, दुकानांच्या पाट्या गुजरातीत नसतील, भर पावसाळ्यात लोक स्वेटर घालून फिरत असतील, तर तो कुठला आहे हे शोधायचीही गरज नाही.

खोटी बातमी खोडताना ती पुन्हा छापू नका. "पाण्यात विष कालवलं" ही फार जुनी अफवा आहे, दर वेळी उगवते. त्या मेसेजवर लाल फुली मारून तो फिरवला की फुली गळून पडते आणि मेसेज उरतो. "पाणीपुरवठा कार्यालयात फोन केला होता, पाणी नेहमीसारखं आहे, मी स्वतः प्यायलो" एवढंच लिहावं, खाली नाव आणि वेळ टाकावी. तेढ वाढवणारा मजकूर पसरवणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम १९६ आणि ३५३ खाली तुरुंगवासाचा गुन्हा आहे, हे ग्रुपमधल्या तरुणांना एकदा स्पष्ट सांगून ठेवा. पोलिसांच्या हातात फोन गेल्यावर "मी फक्त फॉरवर्ड केलं" हे कुणी ऐकून घेत नाही.

रात्रीच्या पहाऱ्याबद्दलही थोडं. काठ्या घेऊन नाक्यावर उभं राहण्यात शौर्य वाटतं. पलीकडच्या गल्लीला तो चालून येणारा जमाव वाटतो आणि पोलिसांनाही तसाच दिसतो. ओट्यावरचे दिवे चालू ठेवून दोन-दोन वयस्क माणसं आपापल्या दारात बसली, आणि पलीकडच्या गल्लीतल्या अशाच दोघांचे फोन नंबर त्यांच्याकडे असले, की काम भागतं. गच्चीवर पडलेल्या विटा, रिकाम्या बाटल्या, बांधकामाचे तुकडे आधीच खाली उतरवा.

जखमा

अश्रुधुराने डोळे झोंबत असतील तर मोकळ्या हवेत जा, डोळे चोळू नका, दहा-पंधरा मिनिटं स्वच्छ पाण्याने धुवा. लेन्स असतील तर काढा. भाजलेल्या जागी वीस मिनिटं वाहतं साधं पाणी सोडा. टूथपेस्ट, हळद, तूप, बर्फ काहीही लावू नका. रक्त वाहत असेल तर स्वच्छ कापडाने दाबून धरा. काच रुतली असेल तर ओढून काढू नका. दवाखाना जवळचा निवडा. अपघात-हिंसेतल्या जखमीला कागदपत्रांसाठी थांबवून न ठेवता आधी उपचार द्यायचे, हे सर्वोच्च न्यायालयाने १९८९ मध्येच खासगी डॉक्टरांसह सर्वांवर बंधनकारक केलं आहे. सयाजी रुग्णालयात नेलं असेल तर तिथे पोलिसांत नोंद झाली का, हे विचारून त्या नोंदीचा नंबर लिहून घ्या. पुढे भरपाईच्या अर्जाला तोच लागतो.

शिधा

शिजवलेलं अन्न पहिल्या दोन दिवसांसाठी ठीक आहे. त्यानंतर कोरडा शिधा द्या: तांदूळ, तूरडाळ, पीठ, तेल, मीठ, साखर, चहा, साबण, सॅनिटरी पॅड, मेणबत्ती-काडेपेटी. घर जळालेल्यांना तांदळाआधी पातेलं, तवा आणि शेगडी लागते, हे हमखास विसरलं जातं. शिजवायचंच असेल तर डाळ-तांदळाची साधी खिचडी कुठल्याही घरात चालते. रोजे चालू असतील तर दुपारी डबा नेऊ नका, वेळ विचारून जा. जुने कपडे गोळा करायच्या भानगडीत पडू नका. उसवलेल्या साड्यांचा ढीग होतो आणि तो निवडण्यात चार बायकांचा दिवस जातो.

कागद: खरं काम इथे आहे

दुकान जळालं, लारी मोडली, घर फुटलं, की माणसाचा पहिला हात झाडूकडे जातो. तो थांबवा. झाडण्याआधी फोटो आणि व्हिडिओ काढा. आधी रस्त्यावरून, आजूबाजूची ओळखीची दुकानं दिसतील असे, मग दार, मग आतली एक-एक वस्तू. मूळ फाइल फोनमध्येच राहू द्या. व्हॉट्सॲपवरून आलेली प्रत दबलेली असते आणि तिची तारीख-वेळ निघून जाते. एक प्रत पेनड्राइव्हवर ठेवा. हेच पुरावे पुढे कोर्टात द्यायचे झाले तर भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ प्रमाणे प्रमाणपत्र लागतं, म्हणून कुठल्या फोनने कुणी काढलं ते लिहून ठेवा. आजूबाजूच्या सीसीटीव्हीची मागणी लगेच करा. बहुतेक मशिनांत जुन्यावर नवं चढत जातं आणि काही आठवड्यांत सगळं पुसलं जातं.

मग नुकसानीची यादी. इथे आपले लोक फार उदार असतात. अर्जात लिहितात: "शेव-उसळीची लारी जळाली, अंदाजे पन्नास हजारांचं नुकसान." हा आकडा कुठून आला हे कुणालाच कळत नाही, मग समोरचा अधिकारी तो मनाला येईल तसा कापतो. यादी अशी हवी: चार चाकांचा लोखंडी सांगाडा, कुठल्या साली कुणाकडून करून घेतला. दोन बर्नरची शेगडी. १९ किलोचा कमर्शियल सिलिंडर, रेग्युलेटरसकट. जर्मनची मोठी पातेली दोन. स्टीलच्या प्लेटा चार डझन. तेलाचा १५ किलोचा डबा, निम्मा भरलेला. त्या दिवशी भिजवलेले वाटाणे इतके किलो, शेव इतके किलो, पाव इतके. प्लास्टिकची स्टुलं आठ. पैसे आल्याचं ओरडून सांगणारा तो क्यूआरचा डबा. प्रत्येक वस्तूसमोर किंमत, बिल असेल तर बिल, नसेल तर विकणाऱ्याकडून चिठ्ठी. रोजची कमाई दाखवायला लारीवाल्याकडे हिशोबाची वही नसते, पण यूपीआयचं सहा महिन्यांचं स्टेटमेंट निघतं. त्याच्यासाठी याहून भक्कम कागद दुसरा नाही.

पंचनाम्याच्या वेळी घरचं कुणीतरी हजर हवं. पंच म्हणून शेजारची दोन माणसं लागतात. त्यातला एक दुसऱ्या समाजाचा मिळाला तर अवश्य उभा करा. कागदाला वजन येतं, आणि त्या दोन घरांमध्ये बोलणंही सुरू होतं. वस्तू राहून गेली असेल तर सही करण्याआधी लिहायला लावा. पोलिसांची गुजराती आपल्या रोजच्या गुजरातीपेक्षा वेगळी असते. अर्धशतक बडोद्यात काढलेले आजोबाही त्या लिपीतल्या हस्ताक्षरापुढे अडतात, तेव्हा वाचून दाखवायला कुणाला तरी सोबत न्या.

एफआयआर कुठल्याही पोलीस ठाण्यात नोंदवता येते. हद्द त्यांची नसली तर शून्य क्रमांकाने नोंदवून पुढे पाठवणं त्यांचं काम. प्रत तक्रारदाराला फुकट मिळायला हवी. दंगलीत बहुधा एकच मोठी एफआयआर होते आणि बाकीच्यांना "तुमचा जबाब त्यातच जोडतो" असं सांगतात. जोडू द्या, पण आपला वेगळा अर्ज वस्तूंच्या यादीसकट द्या आणि दुसऱ्या प्रतीवर शिक्का, तारीख आणि इनवर्ड नंबर घ्या. नोंदवून घ्यायला नकार मिळाला तर तोच अर्ज स्पीड पोस्टाने वरिष्ठ पोलीस अधिकाऱ्यांना पाठवायचा. तिथेही काही झालं नाही तर मॅजिस्ट्रेटकडे जाता येतं. पाहिलं नसेल त्याचं नाव घालू नका. जुनं भांडण वसूल करायला शेजाऱ्याचं नाव दंगलीच्या तक्रारीत घातलं की वीस वर्षं ती गल्ली पुन्हा सांधली जात नाही.

विमा असेल तर कंपनीला त्याच दिवशी फोन आणि ईमेल करा. १ एप्रिल २०२१ पासून घरांसाठी भारत गृह रक्षा आणि पाच कोटींपर्यंतच्या छोट्या धंद्यांसाठी भारत सूक्ष्म उद्यम सुरक्षा या ठरावीक साच्याच्या पॉलिसी आहेत. दंगल, संप आणि जाणूनबुजून केलेलं नुकसान त्यांत धरलेलं आहे. सर्व्हेअर येईपर्यंत मलबा हलवू नका, आणि धोका म्हणून हलवावाच लागला तर जळकी मशीन, शटर, तारा एका कोपऱ्यात राखून ठेवा. गाडीच्या बाबतीत फक्त थर्ड पार्टी पॉलिसी असेल तर हाती काही लागत नाही, कॉम्प्रिहेन्सिव्ह असेल तर मिळतं. कित्येक दुकानदारांनी विमा काढलेला असतो आणि त्यांना ते माहीतच नसतं, कारण बँकेने कर्ज देताना काढलेला असतो. कर्जाची फाइल उघडून बघा. दावा फेटाळला किंवा महिनाभर उत्तरच आलं नाही, तर विमा लोकपालाचं अहमदाबादचं कार्यालय आहे. तिथे फी लागत नाही, वकीलही लागत नाही. नकार आल्यापासून वर्षाच्या आत जायचं.

सरकारी मदतीचं सांगायचं तर, राज्य सरकार दर वेळी वेगळा ठराव काढतं आणि त्याप्रमाणे पथकं घरोघरी पाहणीला येतात. दाराला कुलूप दिसलं की पथक पुढे जातं आणि ते घर यादीतून गळतं. नातेवाइकांकडे गेलेल्यांनी किल्ली आणि फोन नंबर शेजारी ठेवावा, शेजाऱ्याने पाहणीचा दिवस कळवावा. गटाने करायच्या सगळ्या कामांत हे सगळ्यांत स्वस्त आणि सगळ्यांत मोलाचं. जातीय हिंसेत मृत्यू झाला किंवा ५० टक्के किंवा त्याहून जास्त कायमचं अपंगत्व आलं, तर केंद्राच्या योजनेतून पाच लाख रुपये मिळतात. २०१६ च्या आधी ही रक्कम तीन लाख होती. अर्ज जिल्हाधिकारी कार्यालयात चौकशी करून करायचा. फौजदारी गुन्ह्यातल्या पीडितांची भरपाई वेगळी, ती जिल्हा विधी सेवा प्राधिकरणामार्फत.

त्या प्राधिकरणाचा पत्ता लक्षात ठेवा: दिवाळीपुऱ्याचं न्यायालय संकुल. १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याचं कलम १२ महिला, मुलं, अनुसूचित जाती-जमाती यांना तर मोफत वकील देतंच, शिवाय वांशिक हिंसेच्या बळींचाही त्यात स्पष्ट उल्लेख आहे. हे फार थोड्यांना माहीत असतं.

कागदपत्रंच जळाली असतील तर पोलिसांकडे तशी नोंद करून तिच्या प्रती काढा. जन्मदाखला महापालिकेतून, शाळेचा दाखला शाळेच्या जनरल रजिस्टरवरून, बाकीचं बरंचसं डिजिलॉकरवर. रेशनकार्ड हरवलं तरी आधार जोडलेलं असेल तर धान्य कुठल्याही दुकानातून उचलता येतं. घर सोडून दुसऱ्या भागात गेलेल्यांना हे मुद्दाम सांगा.

मुलगा उचलला तर

धरपकडीत गर्दीत सापडलेला कुणीही उचलला जातो. घरच्यांनी ओरडाआरडा करत ठाण्यावर जायचं नाही. दोघांनी जायचं, एक वकील किंवा पोक्त माणूस बरोबर. कुठे ठेवलंय, कुठल्या गुन्ह्यात, किती वाजता पकडलं, हे विचारून वेळ लिहून घ्यायची. अटक केल्यापासून २४ तासांत मॅजिस्ट्रेटसमोर उभं करावं लागतं. नातेवाइकाला कळवणं आणि वैद्यकीय तपासणी हेही कायद्यातच आहे. वयाचा पुरावा न्यायला विसरू नका. अठराच्या खालचा असेल तर सगळी प्रक्रियाच वेगळी. साक्षीदार म्हणून जबाबासाठी महिलांना, पंधरा वर्षांखालच्या आणि साठीच्या वरच्या माणसांना ठाण्यावर बोलावता येत नाही. जबाब घरी येऊन घ्यावा लागतो. मुलाला परीक्षा, नोकरी असेल तर ती कागदपत्रंही वकिलाला द्या, जामिनाच्या वेळी उपयोगी पडतात.

पैसे

कुणाच्याही खासगी खात्यावर गोळा करू नका, तो माणूस कितीही सज्जन असो. मंडळाचं किंवा सोसायटीचं नोंदलेलं खातं वापरा, दोन सह्यांचं. दर रविवारी आलेले आणि गेलेले पैसे एका कागदावर लिहून जिन्यात चिकटवा. घेणाऱ्यांची नावं त्यावर नकोत, फक्त कशासाठी आणि किती. वाटप नुकसान बघून करायचं, ओळख बघून नाही. एका ठिकाणी हात आखडता घेतला तरी चालेल, तो म्हणजे रोख वाटताना. लारीवाल्याला दहा हजार हातात देण्यापेक्षा त्याची लारी दुरुस्त करणाऱ्या लोहाराचं बिल चुकवा. फेरीवाल्याची महापालिकेत नोंद असेल तर पीएम स्वनिधीतून पहिल्या टप्प्याला १५,००० रुपयांपर्यंत कर्ज मिळू शकतं. अर्ज भरायला मुलांना बसवा. चालू कर्जाचा हप्ता थकणार असेल तर बँकेला आधी लेखी कळवावं, थकल्यानंतर नाही.

मुलं आणि झोप उडालेली मोठी माणसं

लहान मुलं पुन्हा अंथरूण ओलं करू लागतात, आईचा पदर सोडत नाहीत, फटाका वाजला की टेबलाखाली जातात. बहुतेकांचं काही आठवड्यांत सुधारतं. त्यांच्यासमोर व्हिडिओ बघू नका, शाळा आणि खेळ शक्य तितक्या लवकर सुरू करा. काय पाहिलं ते सांगायला भाग पाडू नका. सांगत असतील तर मात्र मधे तोडू नका. जबरदस्तीने सगळं बोलायला लावणारं एका बैठकीतलं समुपदेशन जागतिक आरोग्य संघटनाही करू नका म्हणते. महिना उलटला तरी झोप, जेवण, शाळा रुळावर नसेल, किंवा कुणी मरणाची भाषा करत असेल, तर वाट न बघता १४४१६ किंवा सयाजी रुग्णालयाचा मानसोपचार विभाग. घरातल्या पुरुषांकडे विशेष लक्ष ठेवा. "मला काय झालंय" म्हणत दुकानाच्या ओट्यावर दिवसभर बसून राहणारा दुकानदार हा धडधाकट नसतो.

शटर उघडल्यानंतर

शांतता समितीच्या बैठका होतील, पांढरे कबुतर उडेल, फोटो छापून येतील. मला त्यात फारसा दम वाटत नाही. वार्ष्णेयांच्या अभ्यासात जी शहरं तग धरून राहिली, तिथे व्यापारी संघ, कामगार संघटना, व्यावसायिक मंडळं दोन्हीकडच्या माणसांनी मिळून चालवलेली होती. डिसेंबर १९९२ मध्ये सुरतेच्या बाहेरच्या वस्त्या पेटल्या पण जुनं शहर शांत राहिलं, कारण तिथल्या धंद्यात दोन्हीकडची माणसं एकमेकांत गुंतलेली होती. आपल्याकडेही उत्तरायणाचा मांजा, नवरात्रीच्या चणियाचोळ्या, लग्नाचा बँड, मंडपाची रोषणाई यांत कोण कोणाकडून काम घेतं, हे सगळ्यांना ठाऊक आहे. दंगलीनंतर पहिली गुपचूप घडणारी गोष्ट म्हणजे ही कामं दुसरीकडे वळवणं. कुणी जाहीर करत नाही, फक्त या वर्षी फोन जात नाही. गटाने हेच बघायचं. जुना शिंपी, जुना बँडवाला, जुना फळवाला, ज्याच्याकडून घेत होतो त्याच्याकडे ऑर्डर पुन्हा गेली का? नसेल तर पहिली ऑर्डर गटातल्या कुणीतरी द्यावी, आणि चार लोकांना दिसेल अशी द्यावी.

दुसरं उदाहरण भिवंडीचं. १९८४ च्या भीषण दंगलीनंतर तिथे पोलीस उपायुक्त म्हणून आलेल्या सुरेश खोपडे यांनी १९८८ पासून मोहल्ला समित्या उभ्या केल्या. नेत्यांना बाजूला ठेवून गल्लीतली साधी माणसं आणि बीटचा, म्हणजे त्या भागाची गस्त सांभाळणारा, हवालदार यांना एकत्र बसवलं. १९९२-९३ मध्ये मुंबई जळत असताना शेजारची भिवंडी शांत राहिली. आपल्या गल्लीच्या गटाने एवढंच करावं की बीटचा पोलीस नावानिशी ओळखीचा असू दे, महिन्यातून एकदा चहाला येऊ दे, आणि पलीकडच्या गल्लीची दोन माणसं त्याच चहाला असू देत. विषय दंगलीचा नको. ड्रेनेज, पार्किंग, भटकी कुत्री पुरे. २०१९ च्या जुलैमध्ये एका दिवसात वीस इंचांच्या आसपास पाऊस पडून विश्वामित्री नदी घराघरांत शिरली, तेव्हाचे पुराचे ग्रुप अजून कित्येकांच्या फोनवर पडून आहेत. नवा ग्रुप काढण्यापेक्षा तेच जिवंत करा. त्यांत गल्लीबाहेरची, पलीकडची नावं आधीच आहेत.

गणपती आणि नवरात्रीच्या आधी मात्र एक बैठक ठरवून घ्या, निदान तीन आठवडे आधी. मंडळाच्या अध्यक्षाला बोलावलंत तर तो भाषण करेल. त्याच्याऐवजी मिरवणुकीचा ट्रॅक्टर चालवणारा, डीजेचं बटण ज्याच्या हातात आहे तो, ढोलपथकाचा म्होरक्या, वाटेवरच्या मशिदीची व्यवस्था बघणारा, आणि तिथला बीटचा पोलीस, असे पाच जण बसवा. मार्ग नकाशावर काढा, नमाजाच्या वेळा बाजूला लिहा, कुठल्या वळणापासून कुठल्या वळणापर्यंत आवाज बंद राहील ते ठरवा. मिरवणूक रेंगाळली तर कुणी कुणाला फोन करायचा, त्या दोन माणसांची नावं कागदावर घाला आणि त्या कागदाची एक प्रत ट्रॅक्टरच्या सीटखाली ठेवा.